तीन शिट्ट्या आणि सोळा एमबी

मराठी माणसाला ‘सॅम्पल’ हा शब्द शिकवावा लागत नाही. मिसळीचा पहिला पाव संपला की तो वाटी पुढे करून ‘सॅम्पल’ म्हणतो आणि वाढणारा निमूटपणे रस्सा ओततो. वर्षातून दोन-तीनदा तो सकाळी उपाशीपोटी, छोटीशी बाटली रुमालात लपवून लॅबच्या दिशेने निघतो. ते दुसरं सॅम्पल. तिसरं सॅम्पल दोन पायांवर हिंडत असतं आणि प्रत्येक सोसायटीत निदान एक तरी सापडतंच.

त्यामुळे जुन्या व्हीसीआरएवढं एक करडं खोकं छातीशी धरून मी लिफ्टमध्ये शिरलो आणि ‘हे काय आणलंस?’ या प्रश्नाला ‘सॅम्पलर’ असं उत्तर दिलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना आधी साखर आठवली. ‘जेवणाआधीची आणि जेवणानंतरची, दोन्ही दाखवतं का?’ त्यांनी आशेने विचारलं. मी म्हटलं, काका, हे आवाजाचं सॅम्पल घेतं. समजा तुम्ही खोकलात. तो खोकला यात भरायचा, आणि मग इथे बोट मारलं की तुम्ही खोकणार. हवं तितक्या वेळा, हव्या त्या सुरात. काका मजला येईपर्यंत गप्प होते. बाहेर पडताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून या सोसायटीतलं तिसऱ्या प्रकारचं सॅम्पल कोण, हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

खोकं न्यू जर्सीच्या मामेभावाने आणलं. तरुणपणी तिकडे त्याने ते घेतलं, चार महिने वाजवलं आणि पुढची वीस वर्षं तळघरात ठेवलं. यंदा तळघर आवरायचा हुकूम निघाला. आईने त्याला बदाम आणायला सांगितले होते. सामानाच्या तेवीस किलोंमधले साडेपाच किलो या खोक्याने खाल्ले, आणि तेव्हापासून आई त्याचा उल्लेख ‘ते साडेपाच किलो बदाम’ असाच करते. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पुढे जे काही घडलं त्यात कंपनीचा दोष नव्हता. होता तो माझा, कुकरचा आणि थोडा एडिसनच्या देशाचा. कारण यंत्र एकशेदहा व्होल्टवर चालणारं निघालं. आपल्याकडची दोनशेतीस त्याला थेट पाजली असती तर त्याने एकच, शेवटचा आवाज काढला असता. म्हणून वीट वाटावी असा एक ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. तो दिवसभर गुणगुणतो. घरात संगीताला पहिली सुरुवात त्याने केली.

आता यंत्र काय करतं ते सांगतो, कारण काकांना सांगून झालेलं नाही. वरच्या बाजूला नारळाच्या वड्या पाडाव्यात तशा सोळा रबरी चौकोनी वड्या आहेत. त्यांना पॅड म्हणतात. मायक्रोफोन लावून किंवा रेकॉर्डवरून एखादा आवाज आत घ्यायचा, त्याची पुढची-मागची देठं खुडायची, आणि एकेका वडीवर तो बसवायचा. वडीवर बोट मारलं की आवाज वाजतो. तोच आवाज जलद वाजवला की सूर चढतो, सावकाश वाजवला की उतरतो. सोळा वड्यांवर सोळा आवाज, त्यांचा क्रम यंत्र लक्षात ठेवतं, आणि झालं गाणं. म्हणजे तबला येत नसलेल्या माणसाने तबलजीचा एक ‘धा’ उधार घ्यायचा आणि आयुष्यभर फेडायचा नाही.

ही उधारी सिडनीत सुरू झाली. पीटर व्होगेल आणि किम रायरी या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांना खरं तर वाद्यांचे आवाज गणिताने, मुळापासून तयार करायचे होते. ते काही जमेना. मग 1978 मध्ये व्होगेलने रेडिओवर वाजणाऱ्या पियानोचा सेकंदभराचा तुकडा यंत्रात भरला आणि वेगवेगळ्या सुरांत वाजवून पाहिला. जे गणिताला साधलं नव्हतं ते त्या तुकड्याला साधलं: पियानो पियानोसारखा वाजला. स्वयंपाक जमेना म्हणून शेजाऱ्यांकडून डबा आणावा, तसा हा प्रकार. 1979 मध्ये ‘फेअरलाइट’ नावाने ते यंत्र बाजारात आलं आणि इतकं महाग होतं की घ्यायचं म्हणजे आधी घराकडे पाहावं लागे. पुढे सगळेच श्रीमंत गायक त्यावरचे तेच ते आवाज वापरू लागले. शेवटी फिल कॉलिन्सने 1985 च्या आपल्या ‘नो जॅकेट रिक्वायर्ड’ या अल्बमच्या वेष्टणावर छापून टाकलं की या रेकॉर्डमध्ये फेअरलाइट कुठेही नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीचं इतकं दूरचं नातेवाईक मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण माझं प्रेम आहे ते त्यानंतरच्या गरीब पिढीवर. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने ‘एसपी-1200’ काढलं. त्यात एकूण आवाज मावत दहा सेकंद. एका आवाजाला जास्तीत जास्त अडीच. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्या पोरांनी यावर जो उपाय काढला, तो चाळीत वाढलेल्या माणसालाच पूर्ण कळेल. तेहतीसच्या गतीने वाजवायची रेकॉर्ड ते पंचेचाळीसच्या गतीने लावत. गाणं चिपमंकसारखं किरकिरत घाईघाईने यंत्रात शिरे, कमी जागा घेई, आणि आत आल्यावर ते पुन्हा सावकाश करून मूळ सुरावर आणत. दहा सेकंदांच्या खोलीत साडेतेरा सेकंद बसवले! ट्रंकेत गादी दाबून, वर बसून, कडी लावतात तसं. बाहेर काढल्यावर गादीला सुरकुत्या पडायच्या त्या पडल्याच. आवाज खरखरीत, मातकट झाला. आणि मग त्या खरखरीचीच जगाला चटक लागली. आज निर्मळ, स्वच्छ आवाज काढणाऱ्या संगणकांत ती खरखर मुद्दाम घालण्यासाठी लोक वेगळे पैसे मोजतात. अडचणीची फॅशन होते, ती अशी. आमच्या चाळीतल्या खोल्यांचीही होईल. मी वाट पाहतोय.

माझ्या यंत्रात सोळा एमबी मेमरी आहे. ऐकायला गंमत वाटेल, पण सीडीच्या दर्जाचा एकेरी आवाज त्यात तीन मिनिटं मावतो, दुहेरी घेतला तर दीड. रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर सूर्योदय आणि सुविचार पाठवणाऱ्या मावशींचा एक व्हिडिओ यात मावणार नाही. नवा आवाज आत घ्यायचा तर जुन्यापैकी कुणाला तरी गॅलरीत झोपवावं लागतं. कुणाला, ते ठरवता ठरवता संध्याकाळ जाते. तंबोऱ्याचा आवाज तोडून अर्धा करायचा, की पावसाचा सगळाच काढायचा?

मुलगी म्हणते, ‘बाबा, हे सगळं फोनवर फुकट आहे.’

आहे. मी काही वेड पांघरून बसलेलो नाही. फोनवरचं ॲप या यंत्राची सगळी कामं करतं, शिवाय जी याला जन्मात जमणार नाहीत अशी शंभर करतं. ते मी दोन वर्षं वापरलं. त्यात जागा अमाप होती, म्हणून मी नुसत्या ढोलांचे चार हजार आवाज जमवले. त्यातला कुठला वापरायचा हे ऐकून ठरवत असताना सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ असं यायचं. मग मी पिंप भरायला उठायचो. दोन वर्षांत पिंप कधी रिकामं राहिलं नाही, पण गाणं एकही झालं नाही. या खोक्यावर पाण्याची बातमी येत नाही. ते अपडेट मागत नाही. पासवर्ड विचारत नाही. चालू केल्यावर ते फक्त सॅम्पलर असतं, ही त्याची मोठी लायकी. आजवर त्यावर तीन गाणी झाली आणि त्यातलं एक आईला गाणं वाटतं.

कुकरचं प्रकरण त्या पहिल्या गाण्यातलं.

बाहेरगावच्या वादकांच्या मुलाखती वाचून मला पटलं होतं की आपला आवाज आपल्या घरात असतो. घरात शोधला तर एकच खणखणीत होता. आईचा कुकर पाच लिटरचा, शिट्टी जुनी, वजनदार. साडेदहाला मी मायक्रोफोन घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. कुकरची शिट्टी वाटते तशी एकदम होत नाही. आधी तो नुसता सुस्कारे टाकतो, सुनेबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलेल्या बाईसारखा. मग शिट्टीचं वजन जागच्या जागी थरथरतं. मग एक बारीक फुरफुर, आणि मग ती उठते. वर पोचल्यावर क्षणभर थांबते, आणि शेवटी फुस्स करत खाली बसते, तेव्हा एक-दोन थेंब तापल्या झाकणावर पडून चुरचुरतात. हे सगळं साडेचार सेकंदांचं. मी ते यंत्रात घेतलं, चाक फिरवत फिरवत शिट्टीच्या डोक्यावरची शांतता कापली, आणि वडीवर बोट मारलं. शिट्टी झाली. खालच्या सुरात वाजवली तर भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली. वरच्या सुरात वाजवली तर खिडकीतलं कबूतर मान वळवून बघायला लागलं.

आणि प्रत्येक शिट्टीच्या मागे पंखा होता. फ्रिज होता. माझा ट्रान्सफॉर्मर होता. शेजारच्या घरातला मिक्सर होता. सॅम्पलर तुम्हाला हवा तो आवाज घेत नाही. तिथे जो असेल तो घेतो. शिट्टी दोन सूर खाली आणली की पंखाही दोन सूर खाली येतो आणि घर हळूहळू बंद पडत असल्याचा भास होतो. कान आपल्याला किती खोटं सांगतात हे मला त्या दिवशी कळलं. पंचवीस वर्षं मी या घराला शांत घर म्हणत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिट्ट्यांचा ताल बसवत होतो. एक लांब, दोन आखूड. हेडफोनची वायर सैल झाली होती म्हणून स्पीकरवर. आई बाल्कनीत मटार सोलत होती. डाळ-भात तीन शिट्ट्या आणि मग पाच मिनिटं मंद आचेवर, हा आमच्या घरचा कायदा आहे. त्याला उपकलमं नाहीत. बाराला पानं घेतली. मी पहिला घास घेतला आणि दाताखाली डाळ अशी लागली की जणू ती अजून वाण्याकडेच होती.

‘मी शिट्ट्या मोजल्यात,’ आई म्हणाली. ‘तीन. पोरीला सांगून गॅस बारीक करवला, पाच मिनिटांनी बंद.’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मुलीने ताटाकडे पाहिलं. मी वाटीकडे पाहिलं. त्यात पाणी वेगळं आणि डाळ वेगळी, अशी दोघं एकमेकांची ओळख नसल्यासारखी उभी होती.

तेव्हापासून साडेदहा ते बारा वादनबंदी आहे. पण खरा परिणाम निराळाच झाला. आईचा कुकरवरचा विश्वास उडाला. खरी शिट्टी झाली तरी ती हातातलं काम थांबवते आणि आतल्या खोलीकडे तोंड करून विचारते, ‘ही खरी का?’

आता या यंत्राच्या खोडी. पडदा दोन बोटं उंचीचा, त्यातली अक्षरं मुंगीच्या पायांची, आणि प्रत्येक आवाजाला नाव द्यावं लागतं. चाक फिरवून, एकेक अक्षर, रोमन लिपीत. देवनागरी त्याच्या गावीही नाही. शिवाय वाजवण्याच्या पानावर नावाची पहिली चारच अक्षरं दिसतात. मी अत्यंत निष्पाप मनाने पहिल्या आवाजाला ‘शिट्टी’ असं नाव दिलं. रोमन लिपीतली शिट्टी चार अक्षरांवर कापली की काय उरतं, हे सुज्ञांस सांगणे न लगे. पाहुणे आलेले असताना पुतणीने ते मोठ्याने वाचलं. ती इंग्रजी माध्यमात आहे आणि तिचा उच्चार चांगला आहे.

पण ही खोड काहीच नाही. मोठी खोड अशी की वीज गेली की हे सगळं विसरतं. सगळं. चालू असेपर्यंत स्मरणशक्ती शंकराचार्यांची आणि बटण बंद केलं की नवजात बाळाची. जे जपायचं ते फ्लॉपीवर उतरवावं लागतं. एका फ्लॉपीत एक पूर्णांक चव्वेचाळीस शतांश एमबी, म्हणजे एकेरी आवाजाचे जेमतेम सोळा सेकंद. भरलेलं यंत्र रिकामं करायला बारा फ्लॉप्या लागतात. त्या आता दुकानात मिळत नाहीत. ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका साहेबांच्या कपाटात एक डबा होता. त्यामुळे माझा तंबोरा ‘पगारपत्रक, मार्च 2001’ मध्ये आहे आणि पाऊस ‘भविष्यनिर्वाह निधी, जुने’ मध्ये. एकेक फ्लॉपी आत सारायची, तिचं कुरकुरणं ऐकत बसायचं, बाहेर काढायची, पुढची सारायची. अकरा झाल्या. बारावीत बुरशी निघाली. मुलीचं बारावीचं वर्ष आहे, घरात त्या शब्दाला आधीच नको तितकं वजन आहे. रात्री साडेअकराला मी बैठकीच्या खोलीत ‘बारावी गेली!’ असं ओरडल्यावर काय झालं असेल याची कल्पना करा.

मग हे सगळं कशाला, असं तुम्ही विचाराल. उत्तर त्या वड्यांमध्ये आहे.

त्या तशा मांडल्या रॉजर लिन या अमेरिकन माणसाने. खऱ्या ढोलांचे आवाज भरलेलं पहिलं ड्रम मशीन त्याने 1980 मध्ये काढलं. पुढे त्याची कंपनी बुडाली आणि मग जपानच्या अकाई कंपनीसाठी त्याने 1988 चं ‘एमपीसी-60’ रचलं. चार गुणिले चार वड्या, बोटांनी बडवायच्या. कळफलक नाही, उंदीर नाही. शिवाय त्यात ‘स्विंग’ नावाचं एक शहाणपण होतं. ताल अगदी मोजपट्टीने आखला की तो शिवणयंत्रासारखा वाजतो. लिनने काय केलं, तर तालाच्या बारीक मात्रांपैकी दर दुसरी मात्रा जराशी उशिरा पाडायची सोय दिली. किती उशिरा, तो आकडा आपला आपण ठरवायचा. पन्नासवर ताल सरळ चालतो. सहासष्टच्या आसपास तो त्रितालातला नव्हे, तिप्पटीतला, लचकत चालायला लागतो. मधल्या चोपन्न-छप्पनवर काय होतं ते शब्दांत सांगणं अवघड, पण तमाशाच्या फडावर ढोलकीवाला बाईच्या पावलाची वाट पाहून मगच थाप देतो, ती पाहिली असेल तर समजेल. उशीर कळत नाही, पण मान हलते.

डेट्रॉइटचा हिप-हॉपवाला जे डिला तर आपल्या ‘एमपीसी-3000’ वर ही मोजपट्टी पुष्कळदा बाजूलाच ठेवी आणि बोटांनीच मागेपुढे वाजवी. चुकल्यासारखा आणि तरी चुकतो म्हणता येणार नाही असा त्याचा ताल माणसं अजून उकलत बसली आहेत. 2006 मध्ये तो गेला, बत्तीसाव्या वर्षी. त्याचं ते यंत्र आता वॉशिंग्टनमध्ये आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेमागे आहे. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मग आपलं पण देऊन टाक.’

उधारीबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण या धंद्यात तो विषय टाळून जाणं बरं नाही. 1969 मध्ये विन्स्टन्स नावाच्या बँडच्या ग्रेगरी कोलमन या ड्रमवाल्याने एका गाण्याच्या मध्यात सहा-सात सेकंद एकट्याने वाजवलं. सॅम्पलर आल्यावर त्या सहा-सात सेकंदांवर हजारो गाणी उभी राहिली. जंगल नावाचा संगीतप्रकार तर जवळजवळ त्याच पायावर. कोलमनला त्यातून काही मिळालं नाही. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात असाच एक खटला गेला, तेव्हा न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली. तेव्हापासून कंपन्या विचारून घेतात. मी कुकर वापरतो, त्यामागे हेही एक कारण आहे. कुकरने अजून वकील केलेला नाही.

माझा या यंत्राबद्दलचा गर्व उतरवला तो सातारा जिल्ह्यातल्या एका लग्नात. वरातीपुढे बेंजो पार्टी होती. टेम्पोत जनरेटर, वर स्पीकरची भिंत, आणि मागच्या फळीवर उभा राहून एक बावीस-तेवीसचा पोरगा काठ्यांनी पॅड बडवत होता. नऊ चौकोनांचं, आवाज भरता येणारं पॅड. प्रत्येक चौकोनावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं: हलगी, संबळ, ढोल, ताशा, शिट्टी. देवनागरीत! अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या इंजिनियरांना चाळीस वर्षांत जे सुचलं नाही ते औषधाच्या दुकानातल्या दहा रुपयांच्या पट्टीने केलं होतं.

वरात पारावर थांबली तेव्हा मी जाऊन ओळख करून घेतली आणि फोनवर माझ्या यंत्राचा फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

‘लई जुनं हाय की वो दादा. ह्यात टोन कसं टाकता?’

मी फ्लॉपीचं सांगितलं. त्याने सभ्यपणे मान हलवली. लाइट गेल्यावर सगळं जातं हेही सांगितलं. तेव्हा मात्र त्याचा सभ्यपणा संपला. ‘आन् जनरेटर बंद पडल्यावं?’

पुन्हा भरायचं, मी म्हटलं. वीस मिनिटं.

‘वीस मिन्टात नवरदेव पळून जाईल,’ तो म्हणाला, आणि त्याने जनरेटरवाल्याला खूण करून वायर उपसायला लावली. स्पीकर मेले. वायर पुन्हा लावली, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत त्याची हलगी जशीच्या तशी हजर होती. संगणक का नाही वापरत, मी विचारलं. त्याने पॅडवर बोट ओढून मला दाखवलं. बोट गुलाबी झालं. ‘गुलाल,’ एवढंच उत्तर. लॅपटॉपच्या फटींत गुलाल गेला की तो संपला. हे पॅड मिरवणुकीत पावसात भिजलंय, टेम्पोतून पडलंय, त्यावर एकदा नवरीचा मामा बसलाय. माझ्या खोक्याचे गुण-दोष मी महिनाभर वहीत लिहून काढत होतो. या पोराने ते दोन वाक्यांत निकाली काढले. जाता जाता त्याने शिट्टीच्या चौकोनावर काठी मारली. पोलिसाची शिट्टी निघाली. तिच्या मागे पंखा नव्हता.

परतल्यावर माझे कान अशा यंत्रांनाच लागले. आणि लक्षात आलं की गल्ली त्यांनी भरली आहे. भंगारवाला आता स्वतः ओरडत नाही. त्याच्या हातगाडीवर एक छोटा कर्णा असतो; त्यात त्याने कधीतरी एकदा, पोट भरलेलं असताना, ‘ए भंगाऽर, जुने पेपर, फ्रिज, कूलर’ असं म्हणून ठेवलंय आणि तेच दिवसभर फिरतंय. तो स्वतः मागून चहा पीत येतो. एक बटण, काही सेकंदांची जागा, बॅटरीवर चालतं. मेनू नाही. शेवटच्या ‘कूलर’नंतर अर्ध्या क्षणाचा खोकला आहे, तोही प्रत्येक फेरीला येतो, आणि मला तर तो समेसारखा वाटायला लागलाय. रोज अकराला हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं सॅम्पलर-वादन करून जातो आणि वर माझ्याकडेच आशेने पाहतो. एकदा त्याने माझ्या खोलीतलं खोकं खिडकीतून पाहून किलोचा भावही सांगितला. आईने तो लिहून ठेवलाय.

गेल्या गुरुवारी गाणं पुरं होत आलं होतं. कुकर, तंबोरा, पाऊस, भंगारवाल्याचा खोकला. स्विंग चोपन्नवर. नव्या बारावीचा शोध अजून लागायचा होता, म्हणून फ्लॉपीवर काही उतरवलं नव्हतं. दोन दिवस यंत्र बंदच केलं नव्हतं. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी जाते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मला गुरुवार आहे हेच आठवलं नाही. आईचा उपवास होता, ते पाहून तरी कळायला हवं होतं. पावणेचारला पडदा काळा झाला.

मी बसूनच राहिलो. हळूहळू एकेक जण गेल्यासारखं झालं. पंखा गरगरत थांबला. फ्रिजने एक हुंदका दिला आणि तो गप्प झाला. ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं गेलं. ते गेल्यावर कळलं की ते किती मोठं होतं. शेजारचा मिक्सर नाही, वरचं वॉशिंग मशीन नाही, लिफ्टमधली बाई नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा घर खरोखरच शांत झालं. मी हातातला मायक्रोफोन खाली ठेवला. त्याची वायर मेलेल्या यंत्राला जोडलेली होती.

स्वयंपाकघरात आईने उपवासाच्या भाजीसाठी बटाटे लावले होते. गॅसला काय, त्याला गुरुवार नसतो. आधी सुस्कारे आले. मग वजन थरथरलं. फुरफुर झाली, आणि मग ती उठली. स्वच्छ, एकटी, मागेपुढे कुणी नाही. वर जाऊन थांबली आणि खाली बसली, तेव्हा झाकणावर चुरचुरलेले थेंबसुद्धा मला आतल्या खोलीत मोजता आले. दोन होते.

‘ही खरी आहे रे!’ आईने आतून हाक मारली.